चौथा साप

उलवे, १२ जून २०२५

दादा,

तुझं ऐकणं पार गेल्यापासून फोनचा उपयोग नाही, आणि वहिनीकडे निरोप दिला तर तुझ्यापर्यंत पोचेतो त्यात तिचं निम्मं मिसळलेलं असतं. म्हणून कागद काढला. आम्ही सगळे बरे आहोत, पण माझं मन थाऱ्यावर नाही.

गेल्या रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये साप निघाला. सहा फुटांचा तरी असेल. पिवळसर तपकिरी, तोंड निमुळतं, डोळे मोठे गोल. आमची गॅलरी पहिल्या मजल्यावर, त्यामुळे मला नीट दिसला. या स्कूटरखालून त्या स्कूटरखाली पळत होता, बाहेर पडायला वाट शोधत होता. खाली वीस-पंचवीस माणसं जमली. कोब्रा कोब्रा म्हणून एकच गलका. निम्मे गाड्यांवर चढून मोबाइल धरून उभे.

आमच्याकडे झाडलोट करायला गोजरा म्हणून बाई येते. इथल्याच जुन्या गावातली, पन्नाशीची. ती झाडू टाकून मागचं लहान फाटक उघडायला धावली. म्हणत होती, “धामीन हाय ती. उंदीर खाते, मानसाला काय करत नाय. वाट द्या, जाईल गप.” तिचं कुणी ऐकलं नाही. काठ्या आल्या, वायपर आले, झेंड्याचा लोखंडी पाइपसुद्धा आला. पाच मिनिटांत संपलं. मग त्याला काठीवर लटकवून सगळ्यांनी फोटो काढले. मितेशभाई, म्हणजे आमचे चेअरमन, त्यांनी ते फोटो ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं ‘आपली शूर टीम’. दिवसभर अंगठे येत होते.

ती धामणच होती ना रे? तू गोठ्यातून धरून ओढ्याला नेऊन सोडायचास तशीच मला दिसली. तेवढं कळव.

तुझी,
शालन


कोंडवाडी, ता. पाटण, २० जून

चि. शालन,

धामणच. ओठांवर काळ्या उभ्या रेघा दिसल्या असतील, आठवून बघ. नाग डिवचला तर जागेवर थांबून फणा काढतो. धामण पळते. वीस माणसं पाहून जे जनावर स्कूटरखाली लपतं ते कुणाला काय चावणार होतं? आणि चावलं तरी चार दातांचे ओरखडे, वर हळद लावायची.

वीस माणसांनी एक बिनविषारी, घाबरलेलं जनावर ठेचलं आणि त्याला शौर्य म्हणतात. पाइप आणणाऱ्याला विचार, त्याच पाइपवर येत्या पंधरा ऑगस्टला झेंडा चढवणार का. साप मारणं कायद्यानं गुन्हा आहे. तुमच्या शूर टीमनं आपल्याच गुन्ह्याचा फोटो काढून गावभर वाटला. शिकलेली माणसं म्हणतात यांना. तुमच्या त्या सगळ्या इमारतीत शहाणं माणूस एकच निघालं, आणि तिच्या हातात झाडू होता.

एका गोष्टीचं समाधान आहे. विश्वजित सोसायटीचा सेक्रेटरी आहे असं तू मागं लिहिलं होतंस. त्यानं नक्कीच अडवलं असणार. सुट्टीत इथं आला की माझ्या मागं मागं हिंडायचा, सापाच्या कातीला हात लावून बघायचा. त्याचं कुणी ऐकलं नसेल तर त्याला किती लागलं असेल. त्याला म्हणावं, मामाला तुझा अभिमान वाटतो.

पण शालन, तू? तू ओळखलंस. गॅलरीतून एक हाक मारायला काय झालं होतं?

दादा


उलवे, २ जुलै

दादा,

तुझं पत्र आलं त्याला आठवडा होऊन गेला. रोज लिहायला बसायचे आणि उठायचे.

पहिली काठी विश्वजितनं घातली.

मागच्या पत्रात मी ‘काठ्या आल्या’ असं लिहिलं, कारण कुणाच्या हातात आल्या ते लिहवलं नाही. मी ओरडले असते तर वीस माणसांत माझ्या पोराची मान खाली गेली असती. म्हणून ओठ मिटून उभी राहिले. गोजरानं एकदा वर माझ्याकडे पाहिलं. आपण दोघी गावच्या, हिला तरी कळत असेल, असं तिला वाटलं असावं. मी आत गेले. तुझं अभिमानाचं वाक्य मी त्याला वाचून दाखवलं नाही. कसं दाखवू?

पुढचं ऐक. कमिटीची मीटिंग झाली. ठराव काय, तर गोजरा कचरा टाकायला जाताना मागचं फाटक उघडं ठेवते म्हणून साप येतात, सबब तिला कामावरून कमी करावं. अकरा वर्षं ती या आवारात झाडतेय. या टॉवरच्या जागी तिच्या सासऱ्याचं भाताचं खाचर होतं. ती एवढंच म्हणाली की, “साप आमच्या आज्यापासून हतंच हाय. फाटक तुमी काल लावलाव.” तसं पत्र नोटीस बोर्डावर लावलंय, त्यावर सेक्रेटरी म्हणून विश्वजितची सही आहे. मी विचारलं तर म्हणतो, “आई, तू टेन्शन घेऊ नको. कमिटीचा डिसिजन आहे, माझ्या एकट्याचा नाही.” काठी कुणाच्या एकट्याची होती, हे मी विचारलं नाही. पुन्हा गप्प बसले.

गोजरा आता गेटबाहेर भाजी घेऊन बसते. आणि धामण गेल्यापासून पार्किंगमध्ये उंदीर एवढे माजलेत की तीन गाड्यांच्या वायरी तोडल्या. कुणाच्या डोक्यात उजेड पडत नाही.

तू मला साप ओळखायचे कसे ते सगळं लिहून पाठव. मी त्याला वाचून दाखवीन. तुझं तो ऐकेल.

शालन


कोंडवाडी, ९ जुलै

शालन,

पत्र वाचलं आणि ओढ्यापर्यंत चालत जाऊन परत आलो. तुझ्या वहिनीनं विचारलं काय झालं. मी म्हटलं, भाच्यानं धामण मारली आणि एका गरीब बाईच्या पोटावर पाय दिला. ती म्हणाली, जेवून घ्या. जेवलो नाही.

आता हे त्याला वाचून दाखव. माणसाचा जीव घेतील असे आपल्याकडचे मुख्य साप चार. बाकी जे दिसतात ते बहुतेक निरुपद्रवी. नाग फण्यावरून कळतो, मात्र दर वेळी फणा काढेलच असं नाही. मण्यार काळीनिळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुतेक जोडीजोडीनं, ते शेपटीकडं ठळक आणि मानेकडं पुसट. तिच्यासारखाच दिसणारा कवड्या असतो, त्याचं उलटं: पट्टे मानेकडं ठळक, शेपटीकडं विरत जातात. कवड्याला विष नाही. मण्यारीचा दंश दुखतही नाही, निजलेला माणूस निजलेलाच जातो, म्हणून तुमच्या वॉचमनला जमिनीवर झोपू देऊ नका, खाट द्या. फुरसं हातभर लांबीचं, अंगाला अंग घासून करवतीसारखा आवाज काढतं.

आणि बिनविषारी असून मार खाणाऱ्यांत धामणीच्या खालोखाल अजगर. जाडजूड, सुस्त, अंगावर तपकिरी चट्टे. विषाचा थेंब नाही त्याच्यात. अजगराचं पिल्लू मी मांडीवर घेऊन बसलोय, विश्वजितनं लहानपणी ते डोळ्यांनी पाहिलंय. असं एखादं तुमच्या आवारात आलं तर पाइप घेऊन पहिला कोण धावेल? तोच ना?

विश्वजित, आता तुझ्याशीच बोलतो. तुला चौथीत असताना मी हाताला धरून ओढ्याला नेलं होतं, सोडलेली धामण झुडपात जाईपर्यंत तू श्वास रोखून उभा होतास. त्या हातात काठी आली कुठून? लोक बघत होते म्हणून? सही करताना तरी कुणी बघत नव्हतं. ज्या बाईला खरं माहीत होतं तिला तू घरी बसवलंस, कारण तिच्या खरेपणानं तू खोटा ठरत होतास. माझा भाचा म्हणवून घ्यायचं असेल तर पुढच्या वेळी काठी टाक आणि जनावराच्या आड उभा राहा. तोवर मला पत्र लिहू नकोस, इकडं येऊही नकोस.

मानसिंग


उलवे, ११ ऑगस्ट

दादा,

तो जिवंत आहे. हे आधी लिहिते, तुझं वय पाहून. नाहीतर तुला शेवटच्या ओळीपर्यंत तसंच ठेवायचं मनात होतं.

तुझ्या पत्राची घडी माझ्यासमोर आहे. विश्वजितच्या शर्टाच्या खिशात होती. शर्ट दवाखान्यातल्या सिस्टरनं पिशवीत घालून माझ्या हातात दिला.

पत्र मी त्याला वाचून दाखवलंच नाही, त्यानं ते माझ्या हातातून घेतलं आणि आत जाऊन वाचलं. दोन दिवसांनी म्हणाला, मामा बरोबर आहे. मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

तीन तारखेला, रविवारी सकाळी, पंपरूमच्या भिंतीशी साप दिसला. हातभर, जाडजूड, वेटोळं घालून पडलेला, अंगावर तपकिरी गोल चट्टे. मितेशभाई पाइप घेऊन आलेच. वॉचमन अंकुशच्या हातात काठी. विश्वजित धावत खाली गेला आणि सगळ्यांच्या आणि सापाच्या मध्ये उभा राहिला. तू सांगितलं होतंस तसाच. मी गॅलरीत होते. त्यानं वर पाहून मला सांगितलं, “आई, अजगराचं पिल्लू आहे. मामांनी लिहिलंय तसंच.” मी मान हलवली. दादा, मी मान हलवली.

साप शिट्टी सुटलेल्या कुकरसारखा फुसफुसत होता. गेटबाहेर गोजरा भाजी लावत होती, तिनं तो आवाज ऐकला. टोपली तिथंच टाकून आत आली आणि लांबूनच म्हणाली, “दादा, मागं सरा. घोनस हाय ती.” विश्वजितनं तोवर बादली आडवी धरून दुसऱ्या हातानं त्याला आत सारायला सुरुवात केली होती. उजव्या हाताला, अंगठ्याच्या मुळाशी चावला.

मग सगळे सैरावैरा. मितेशभाई म्हणाले नायलॉनची दोरी करकचून बांधा, ब्लेड आणा, पनवेलकडे कुणी मंत्र टाकणारा आहे त्याच्याकडे नेऊ. गोजरानं त्यांच्या हातातून दोरी काढून घेतली. विश्वजितला खाली बसवलं, हातातली अंगठी आणि घड्याळ उतरवलं, हात लाकडाच्या पट्टीवर ठेवून ओढणीनं सैल बांधला, आणि त्याला चालू दिलं नाही. मितेशभाईंना म्हणाली, “गाडी काढा. सरकारी दवाखान्यात. आत्ता.” त्यांनी निमूट गाडी काढली. जाताना ती अंकुशला सांगून गेली की सापावर मोठं घमेलं पालथं घाल, वर विटा ठेव आणि सर्पमित्राला फोन कर, मारायचा नाही. ज्या आवारातून तिला हाकललं त्या आवारात त्या दिवशी सगळे तिचं ऐकत होते.

दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत घालून वीस मिनिटं ठेवलं. गोठलंच नाही. हिरड्यांतून रक्त येत होतं, हात खांद्यापर्यंत सुजून काळानिळा. विषावरच्या औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या लावल्या. लघवी बंद झाली, तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. सुनयनानं, त्याच्या बायकोनं, आठ दिवस डोळ्याला डोळा लावला नाही. काल डॉक्टर म्हणाले, आता धोका टळला. आणायला उशीर झाला असता तर वाचला नसता, असंही म्हणाले.

तू चार म्हणालास. काल दवाखान्याच्या बाकावर बसून मी तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि बोटांवर मोजलं. नाग, मण्यार, फुरसं. चौथा कुठाय, दादा? मला शिकवायला बसलास आणि ज्याच्यापायी माझं पोर जात होतं तोच तेवढा राहिला? शिव्या द्यायला तुला अख्खं पान पुरलं.

शालन


कोंडवाडी, १७ ऑगस्ट

शालन,

तू मोजलंस ते बरोबर आहे.

पत्र लिहिण्याआधी मी एका चिठ्ठीवर चार नावं लिहून घेतली होती. ती चिठ्ठी अजून वहीत आहे. चौथं नाव घोणस. पुढं लिहिलंय: अंगावर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी, डोकं तिकोनी, कुकरसारखा आवाज, अजगर समजून लोक फसतात, हे ठळक सांगायचं. अजगराचं लिहिताना मला माझी फुशारकी आठवली, मग त्याच्या हातातली काठी आठवली, आणि डोकं फिरलं. उरलेला कागद त्याला झोडपण्यात घातला. चिठ्ठीकडं परत पाहिलंच नाही. कोणत्याच सापाला हात लावू नका, लांब उभे राहा, जाणत्याला बोलवा, हे एक वाक्य लिहायला पाहिजे होतं. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि हे वाक्य राहिलं.

मी रागात खरं बोलत होतो, म्हणून सगळंच बरोबर बोलतोय असं मला वाटलं.

मी तिकडं येऊ का? ऐकू येत नाही, उपयोग काहीच नाही. नुसता त्याच्या उशाशी बसेन. तू नको म्हणालीस तर नाही येणार. आणि त्या गोजराबाईंच्या पाया पडावं असं मला वाटतं, हे त्यांना सांग.

दादा


उलवे, २१ सप्टेंबर

दादा,

दसऱ्याला ये. विश्वजित स्वतः तुला घ्यायला येणार होता, पण हात अजून पट्टीत आहे, अंगठा नीट वळत नाही. त्याला तुझ्यावर राग नाही. म्हणतो, मामांनी आड उभं राहायला सांगितलं होतं, हात घालायला नाही. मला मात्र आहे थोडा. तो तू आल्यावर तोंडावर काढीन, ऐकू आला नाही तरी.

आता इथलं. विश्वजित घरी आला त्याच आठवड्यात ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. साप निघाला तेव्हा गोजरा बरोबर गेटवरच कशी? इतकी माहिती हिला कशी? कामावरून काढल्याचा राग म्हणून तिनंच टोपलीतून आणून सोडला नसेल कशावरून? हे लिहिणाऱ्यांत त्या दिवशी तिच्या सांगण्यावरून गाडी चालवणारे मितेशभाई पहिले. वर ठराव आणला की गेटबाहेरची भाजी उठवावी आणि पोलिसांत अर्ज द्यावा. जिनं वाचवलं तिच्यावरच आळ.

चौदा तारखेला मीटिंग झाली. मी आजवर कधी गेले नव्हते, त्या दिवशी गेले. मितेशभाईंचं वाचून झाल्यावर मी उभी राहिले. बोलायचं पाठ करून गेले होते, ते सगळं विसरले. एवढंच सांगितलं की जूनमध्ये मारली ती धामण होती, मला वरून दिसत होतं, माझ्या मुलानं पहिली काठी घातली आणि मी आई असून गप्प राहिले. त्या दिवशी मी बोलले असते तर गोजराला कुणी काढलं नसतं. टोपली कुणाची तपासायची असेल तर आधी आमची तपासा.

मग विश्वजित उठला. घोणस उंदरांमागे आली, उंदीर वाढले कारण धामण आपण मारली, आणि गोजरानं फाटक उघडं ठेवल्याचा एकही पुरावा नव्हता, तरी मी सही केली, असं त्यानं सांगितलं. तिला कामावर परत घ्यावं असा ठराव त्यानं मांडला. ठराव झाला, मितेशभाईंचा हात सोडून. तिच्याविरुद्धचा ठराव मागे घ्यावा लागला. दर मजल्यावर वनखात्याचा आणि सर्पमित्र कुंदनचा नंबर लावायचं ठरलं. ती घोणस त्यानंच त्या दिवशी घमेल्याखालून काढून लांब खाडीकडे नेऊन सोडली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गोजराकडे गेलो. ती मेथीच्या जुड्या बांधत होती. विश्वजितनं तिला परत कामावर यायला सांगितलं. ती हसली नाही की चिडली नाही.

म्हणाली, “काम नको मना. भाजीत बरं हाय. पन फाटक उघडं ठेवते म्हनून माझं नाव बोर्डावर लावलं व्हतं ना, सही करून? तसंच कागद लावून सांगा, ते खोटं व्हतं.”

विश्वजितनं त्याच संध्याकाळी कागद लावला. गोजराला जून महिन्यात कामावरून कमी करणं ही कमिटीची चूक होती, फाटकाबाबतचा आरोप खोटा होता, सोसायटी तिची माफी मागते. तिला बोलावलं. ती बोर्डासमोर उभी राहिली, बोट ठेवून एकेक शब्द वाचला. चौथीपर्यंत शिकलीय ती. मग बोट पहिल्या शब्दावर परत नेलं.

“हतं नुसती गोजरा लिवलंय. तुमी चेरमनला मितेश लिवता का नुसतं? माझं नाव गोजरा शिवा घरत.”

विश्वजितनं कागद काढला. मूळचा कॉम्प्युटरवर केलेला होता, पण घरी जाऊन पुन्हा छापून आणेपर्यंत तिला उभं ठेवायला नको म्हणून त्यानं अंकुशच्या टेबलावरच नवा कागद घेतला. उजवा हात पट्टीत, म्हणून डाव्या हातानं लिहायला बसला. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं. दोनदा चुकलं, दोनदा कागद फाडला. येणारे-जाणारे थांबून बघत होते, त्यांच्यात मितेशभाईसुद्धा होते. गोजराबाई हलल्या नाहीत. तिसरा कागद बोर्डावर लागला तेव्हा त्यांनी पुन्हा पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला.

“आता बराबर हाय,” म्हणाल्या, आणि भाजी उन्हात होती म्हणून गेल्या.

तुझी,
शालन